‘तातडीचा सिक्युरिटी अपडेट’ ईमेलने आलाय? फाईल उघडण्याआधी हे वाचा

सह्यगिरी
विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक सारखं एकच विचारतायत : "अपडेटची मेल आलीये, इन्स्टॉल करू का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथे एकदाच सविस्तर लिहितो.

थोडक्यात सांगायचं तर मायक्रोसॉफ्ट, ॲपल, गूगल, ॲडोबी ह्यांपैकी कुणीही अपडेटची फाईल ईमेलला जोडून पाठवत नाही. मेललाच अपडेट जोडलेला असेल तर ती मेल खोटी. ह्यात अपवाद शोधत बसू नका.

पण एवढं सांगून भागत नाही. लॉटरीच्या मेलला माणूस हावेपोटी भुलतो. अपडेटच्या मेलला भुलतो तो काळजीपोटी. "तुमचं मशीन असुरक्षित आहे, ताबडतोब दुरुस्त करा" हे वाचून जो हातातलं काम बाजूला ठेवतो तो जबाबदार माणूस असतो. ऑफिसात "अपडेट करत चला रे" असं इतरांना सांगणाराही बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून ह्या प्रकाराची मला बाकीच्या फसवणुकींपेक्षा जास्त चीड येते.

ह्याचा सगळ्यात अस्सल नमुना म्हणजे स्वेन नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती पाठवत मशीन ते मशीन पसरणारा प्रोग्राम. तो १८ सप्टेंबर २००३ ला पसरायला लागला. त्याच्या आदल्याच महिन्यात ब्लास्टर आणि सोबिग-एफ ह्या दोन वर्म्सनी जगभर धुमाकूळ घातला होता. ब्लास्टर विंडोजमधल्या ज्या छिद्रातून शिरत होता त्याचा पॅच (छिद्र बुजवणारी दुरुस्ती) जुलैमध्येच निघाला होता, पण लाखो लोकांनी तो टाकला नव्हता. साहजिकच सगळीकडून एकच ओरड चालू होती : पॅच टाका, पॅच टाका. आणि नेमकी तेव्हा ही मेल आली.

दिसायला ती मायक्रोसॉफ्टच्या तेव्हाच्या वेबसाईटची सख्खी बहीण. वर लोगो, निळ्या पट्ट्या, खाली मायक्रोसॉफ्टच्याच खऱ्या पानांच्या लिंका. मजकुरात म्हटलेलं की हा ‘सप्टेंबर २००३, क्युम्युलेटिव्ह पॅच’ आहे आणि इंटरनेट एक्सप्लोरर व आउटलुकमधली आजवर सापडलेली सगळी छिद्रं ह्यात बुजवली आहेत. सोबत साधारण १०४ केबीची फाईल. ती चालवली की विचारणा व्हायची : सिक्युरिटी अपडेट इन्स्टॉल होणार आहे, पुढे जायचं का? ‘हो’ म्हटलं तर अस्सल इन्स्टॉलरसारखी पट्टी सरकताना दिसायची. ‘नाही’ म्हटलं तर काहीच दिसायचं नाही, पण वर्म तरीही मशीनमध्ये बसायचा. मग अँटीव्हायरस आणि फायरवॉल बंद पाडायचा, रजिस्ट्री एडिटर उघडू द्यायचा नाही. वर मेलच्या सेटिंगमध्ये बिघाड झाल्याचा खोटा संदेश दाखवून तुमच्याकडूनच ईमेलचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड आणि सर्व्हरचं नाव भरून घ्यायचा.

ह्यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. इंटरनेट एक्सप्लोररमधल्या एका जुन्या छिद्रामुळे ही फाईल काही मशीन्सवर नुसती मेल बघितली तरी आपोआप चालायची. त्या छिद्राचा पॅच मार्च २००१ मध्येच आला होता. म्हणजे ज्याने खरा अपडेट केला होता त्याच्याकडे निदान फाईल स्वतः उघडेपर्यंत तरी वर्म शिरत नव्हता. ज्याने केला नव्हता त्याला तेवढीही सवड मिळत नव्हती. "मग अपडेटच नको" असं म्हणणारे ह्या धाग्यावर येतीलच, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

पुढची वीस वर्षं हाच साचा चालू आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट विंडोजचा ताजा अपडेट आत्ताच इन्स्टॉल करा’ अशा विषयाच्या मेल्स फिरल्या. आत फक्त एक वाक्य, त्यातही पहिल्या शब्दाची पहिली दोन्ही अक्षरं कॅपिटल. सोबतच्या फाईलचं नाव जेपीजी चित्राचं, पण आतून तो २८ केबीचा प्रोग्राम. तो गिटहब ह्या प्रोग्राम ठेवायच्या साईटवरच्या एका खात्यातून पुढची फाईल आणायचा आणि ती सायबोर्ग नावाची रॅन्समवेअर, म्हणजे फाईल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम, निघायची. सगळ्या फाईल्सच्या नावापुढे ७७७ लागायचं आणि ५०० डॉलर बिटकॉइनमध्ये मागणारी चिठ्ठी डेस्कटॉपवर यायची.

२ जुलै २०२१ ला कासेया कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून मोठा रॅन्समवेअर हल्ला झाला. त्यानंतर काही दिवसांतच "कासेयातलं छिद्र बुजवणारा मायक्रोसॉफ्टचा अपडेट लवकरात लवकर टाका" अशा मेल्स निघाल्या. जोडलेल्या फाईलचं नाव ‘सिक्युरिटी अपडेट्स’, आत कोबाल्ट स्ट्राइक, म्हणजे हल्लेखोराला मशीनचा ताबा देणारं हत्यार.

१९ जुलै २०२४ तर सगळ्यांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. लगोलग ‘क्राउडस्ट्राइक हॉटफिक्स’ नावाची झिप फाईल बाहेर आली. तिच्यात स्पॅनिश भाषेतल्या सूचना होत्या, लॅटिन अमेरिकेतले ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून, आणि पोटात रेमकॉस, म्हणजे दुरून मशीनचा ताबा देणारा प्रोग्राम. इस्रायलमधल्या संस्थांना गेलेल्या मेलमध्ये डेटा पुसून टाकणारा प्रोग्राम होता. तिसऱ्या ठिकाणी वर्डची फाईल, तिच्यात मायक्रोसॉफ्टच्याच दुरुस्तीच्या सूचना जशाच्या तशा उचललेल्या आणि मॅक्रो (फाईलमधली छोटी स्क्रिप्ट) चालू केला की पासवर्ड चोरणारा प्रोग्राम आत. सर्ट-इन ह्या आपल्या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनेही तेव्हा ह्या मेल्सबद्दल इशारा दिला होता.

खरं संकट आलं की त्याच्या मागोमाग खोटा उपाय येतो. बातमीत जितकी घबराट, तितका ह्या मेलचा धंदा चांगला. म्हणून पेपरात "अमुक सॉफ्टवेअरमध्ये गंभीर त्रुटी" असं वाचलंत की पुढचे आठ-पंधरा दिवस इनबॉक्सकडे जरा जास्तच संशयाने बघा.

विंडोज १० च्या मुदतवाढीबद्दल : घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सिक्युरिटी अपडेट्स मिळवायची सोय आहे. तिची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. ईमेलमधल्या लिंकवरून नाही, फोनवरून नाही.

अनुजा_डोंबिवली
वाखूसा (वाचनखूण साठवली). माझ्या नवऱ्याला आणि दोन्ही सासरच्यांना पाठवते.

एक शंका. आमच्या ऑफिसात आयटीवाले स्वतःच मेल पाठवतात, "व्हीपीएनचं नवीन व्हर्जन आलंय, खालच्या लिंकवरून डाउनलोड करा, आज संध्याकाळपर्यंत न केल्यास लॉगिन बंद." आता ही खरी की खोटी हे मी कसं ओळखायचं? दरवेळी फोन केला तर ते वैतागतात.

केदार_सॅन_होजे
अनुजाताई, दोष तुमच्या आयटीचा आहे आणि हे त्यांच्या तोंडावर सांगायला हवं. मेल, लिंक, संध्याकाळची मुदत आणि लॉगिन बंद करायची धमकी! हल्लेखोर ह्यापेक्षा वेगळं काय लिहिणार? वर्षभर लोकांना अशा मेलवर क्लिक करायला शिकवायचं आणि मग कुणी खोट्या मेलवर केलं की त्याला सिक्युरिटीच्या ट्रेनिंगला बसवायचं, हा अन्याय आहे.

मी जिथे काम करतो तिथे नियम आहे : अपडेटच्या मेलमध्ये लिंकही नाही आणि फाईलही नाही. मेलमध्ये फक्त इतकंच असतं, "तुमच्या मशीनवरचं सॉफ्टवेअर सेंटर उघडा, तिथे नवीन व्हर्जन दिसेल." मेल खोटी असली तरी माणूस जातो स्वतःच्या मशीनमधल्या खऱ्या जागी. तिथे काही दिसलं नाही तर विषय संपला. ह्याला एक पैसा खर्च येत नाही.

आणि फोन करत राहा. वैतागू देत.

अनुजा_डोंबिवली
केदार, हे पटलं. सोमवारी मॅनेजरशी बोलते.

टाळकरी
धागा माहितीपूर्ण आहे, पण मूळ मुद्द्याशी सहमत नाही. मी घरच्या मशीनवर अपडेट्स बंदच ठेवलेत आणि त्यामागे अनुभव आहे.

जून २०१७ मध्ये मी न्हावाशेवाला क्लिअरिंगच्या कामात होतो. नॉटपेट्या हा मशीन्स निकामी करणारा वर्म आला त्या दिवशी मर्स्क ह्या जहाज कंपनीच्या जगभरातल्या सिस्टिम्स पडल्या आणि जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं जीटीआय टर्मिनल ठप्प झालं. कुठला कंटेनर यार्डात कुठे आहे हे सांगणारी सिस्टिमच गेली तर गेटवर काय होतं ते लांबून कळत नाही. ट्रकच्या रांगा लागल्या, चालक रस्त्यावर गाडीतच झोपले, नाशवंत मालाचे मालक आम्हाला फोन करून करून रडकुंडीला आले. आमच्यातल्या कुणाचाही काडीमात्र दोष नव्हता.

आणि तो आत शिरला कशातून? युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरतात त्या एम.ई.डॉक सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून! ईमेल नाही, खोटी लिंक नाही. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून आलेला अपडेट. म्हणजे तुम्ही म्हणता त्या खऱ्या दारातूनच आला. मग ह्या दाराचा भरवसा कसा धरायचा?

सह्यगिरी
टाळकरी, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय, त्यामुळे तुमची अढी मी समजू शकतो. मुद्दाही खरा आहे. एम.ई.डॉक एकटंच नाही. २०१७ मध्येच सीक्लीनर ह्या मशीन साफ करायच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत व्हर्जनमध्ये भेसळ झाली होती आणि ती २० लाखांहून जास्त मशीन्सवर पोचली. २०२० मध्ये सोलरविंड्स ह्या सॉफ्टवेअर कंपनीचा भेसळ झालेला अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत गेला. खऱ्या दारावरचा पहारेकरी फितूर होऊ शकतो हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण नॉटपेट्याच्या दीडच महिना आधीची गोष्ट बघा. १२ मे २०१७, वॉनाक्राय नावाची रॅन्समवेअर. त्याने वापरलेल्या छिद्राचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. जवळजवळ दोन महिने लोकांच्या हातात होते. ज्यांनी विंडोज अपडेट चालू ठेवला होता त्यांच्याकडे वॉनाक्रायला त्या छिद्रातून आत येता आलं नाही. ब्रिटनमधल्या इस्पितळांना शस्त्रक्रिया आणि अपॉइंटमेंट्स पुढे ढकलाव्या लागल्या. आणि नॉटपेट्या एकदा आत आल्यावर मशीन ते मशीन पसरला तोही काही अंशी त्याच जुन्या छिद्रातून. (सगळा तसाच नाही पसरला. त्याने पासवर्डही उचलले, त्यामुळे पॅच टाकलेली मशीन्सही बळी पडली. हे सांगायलाच हवं.)

घरच्या माणसाने कुठली जोखीम घ्यायची? अधिकृत अपडेटमध्येच भेसळ निघाल्याची मोठी प्रकरणं मोजकी आहेत. अपडेट न केलेल्या मशीन्सवरचे हल्ले रोज चालू असतात. अपडेट्स बंद ठेवून तुम्ही दुर्मीळ संकट टाळताय आणि रोजचं घरात घेताय. कृपा करून चालू करा. फार तर मोठे फीचर अपडेट्स थोडे पुढे ढकला, सिक्युरिटीचे ढकलू नका.

टाळकरी
फीचर आणि सिक्युरिटी वेगळे ठेवता येतात हे माहीत नव्हतं. बघतो.

लेजरबुक
मी सीए आहे, छोटं ऑफिस, आर्टिकल्स (शिकाऊ सीए) धरून आठ-नऊ माणसं. आमच्या धंद्याबद्दल लिहितेच, कारण आमच्याइतकी ‘अपडेट करा’ची सवय कुणाला नसेल.

इन्कम टॅक्सच्या युटिलिटीची नवी व्हर्जन्स हंगामात सतत येतात. जुन्या व्हर्जनमध्ये रिटर्न भरलं तर अपलोड होताना नाकारलं जातं. जीएसटीला डिजिटल सही करायची तर एमसाइनर चालू लागतो आणि त्याचं व्हर्जन जुनं असलं की सही होत नाही. शिवाय टॅली, डीएससी (डिजिटल सही) टोकनचा ड्रायव्हर, जावा. तारीख अंगावर आलेली, पार्टी फोनवर, स्क्रीनवर ‘नवीन व्हर्जन डाउनलोड करा’. पोरं न वाचता ‘यस’ दाबतात. त्यांना तसं करणं भागच असतं.

गेल्या हंगामात ऑफिसच्या सामायिक इनबॉक्सला एक मेल आली. विषय : "महत्त्वाचे – युटिलिटीचे सुधारित व्हर्जन, आजपासून अनिवार्य". पाठवणाऱ्याचं नाव ‘ई-फायलिंग हेल्पडेस्क’. नावावर कर्सर नेला तर मागचा पत्ता एका परदेशी फर्निचरच्या दुकानाचा. झिप फाईलला पासवर्ड होता आणि तो पासवर्ड मेलमध्येच दिलेला. आमची एक आर्टिकल, वय एकवीस, तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "मॅडम, पासवर्ड ह्याच मेलमध्ये द्यायचा असेल तर लावला कशाला?" मला तिचा इतका अभिमान वाटला! उत्तर अर्थातच हे की पासवर्ड आपल्यासाठी नसतोच. मेल सर्व्हरवरच्या अँटीव्हायरसला झिपच्या आत डोकावता येऊ नये म्हणून असतो.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. सगळ्या युटिलिटी डाउनलोड करायचं काम एकाच माणसाकडे, तो पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करून जातो आणि फाईल ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो. बाकीच्यांनी तिथूनच घ्यायची. आणि रोजच्या कामाच्या लॉगिनला ॲडमिनचे हक्क नाहीत. पहिले काही दिवस कटकट झाली, आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

केदार_सॅन_होजे
लेजरबुक, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

निशिगंध
मेल तपासायच्या पद्धतीबद्दल थोडी भर घालते, मेल सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे.

पाठवणाऱ्याचं जे नाव दिसतं त्याला काडीचीही किंमत नाही. पाकिटाच्या मागे ‘प्रेषक’ म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो, तसंच. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांत ‘शो ओरिजिनल’ दाबा. वर एका चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून आली का, ह्याच्या तपासण्या) ह्या ओळी आणि पुढे पास किंवा फेल दिसेल. मायक्रोसॉफ्टच्या नावाने आलेल्या मेलमध्ये डीमार्क फेल असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

पण पास आलं म्हणून हुरळून जाऊ नका. ‘पास’चा अर्थ इतकाच की मेल ज्या डोमेनची म्हणवते त्याच डोमेनवरून आलीये. ते डोमेन कुणाचं आहे ते तुम्हीच बघायचं. एप्रिल २०२३ मध्ये सर्ट-इनसारख्याच युक्रेनच्या सर्ट-यूए ह्या संस्थेने कळवलं होतं की सरकारी कर्मचाऱ्यांना ‘विंडोज अपडेट’ विषयाच्या मेल्स येतायत. पाठवणारे म्हणून त्याच कार्यालयांच्या सिस्टिम ॲडमिन्सची खरी नावं होती आणि पत्ते आउटलुक डॉट कॉमचे, म्हणजे मोफत उघडलेली खाती. अशी मेल सगळ्या तपासण्या पास होते. वर कुठलीही फाईल जोडलेली नव्हती. मेलमध्ये पायरीपायरीने चित्रांसह सूचना : कमांड प्रॉम्प्ट उघडा, ही ओळ चिकटवा, एंटर दाबा. ती ओळ पॉवरशेलची स्क्रिप्ट आणायची, आणि स्क्रिप्ट खोटा अपडेट चालू असल्याचं नाटक करत मशीनची माहिती गोळा करून बाहेर पाठवायची. सर्ट-यूएने ह्यामागे एपीटी२८, म्हणजे रशियन सैनिकी गुप्तहेर खात्याशी जोडला जाणारा गट असल्याचं म्हटलं होतं.

आता तर हाच प्रकार वेबसाईट्सवर सर्रास चालतो. ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ म्हणत विंडोज आणि आर ही बटणं दाबायला लावतात, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर कमांड आधीच ठेवलेली असते. अपडेट असो, कॅपचा असो, कुणीही अनोळखी ओळ चिकटवायला सांगितली तर चिकटवायची नाही.

अजून एक. विंडोज फाईलच्या नावाचा शेवटचा भाग लपवून ठेवतं. त्यामुळे ‘सूचना.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाईल तुम्हाला ‘सूचना.पीडीएफ’ अशी दिसते. फाईल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. घरातल्या प्रत्येक मशीनवर हे आजच करून टाका.

पाटील_मास्तर
निवृत्त शिक्षक आहे. संगणक फार वापरत नाही, मोबाईल वापरतो. आमच्या गावाकडे ईमेल कुणी बघत नाही, सगळं व्हॉट्सॲपवर. "बँकेचे ॲप अपडेट करा अन्यथा खाते बंद होईल" असे संदेश येतात, सोबत फाईल असते. आमच्या शेजाऱ्यांना आरटीओ चलानच्या नावाने अशीच फाईल आली होती. हे त्यातलेच का?

सह्यगिरी
मास्तर, अगदी त्यातलंच, फक्त रस्ता वेगळा. ती एपीके फाईल असते, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून बसवायचं ॲप. बसवताना ते एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. एसएमएस मिळाले की ओटीपी त्यांच्या हातात, ॲक्सेसिबिलिटी मिळाली की स्क्रीनवर तुम्ही काय करता ते सगळं दिसतं. २०२१ मध्ये सर्ट-इनने ड्रिनिक नावाच्या मालवेअरबद्दल सावध केलं होतं, तोही इन्कम टॅक्स रिफंडच्या नावाखाली असंच ॲप बसवायला लावायचा.

बँकेचं ॲप फक्त प्ले स्टोअर उघडून, तिथे नाव शोधून अपडेट करायचं. कुणी बसवून बसलंच असेल तर आधी मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवायला सांगा आणि लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

पाटील_मास्तर
आभारी आहे. मंगळवारी पारावर सगळ्यांना वाचून दाखवतो.

मोगरा_७७
मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचंय. ओळखीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात असं झालं. तिथल्या क्लार्कबाईंनी ‘अपडेट’ची फाईल उघडली. काहीतरी चुकलंय हे त्यांना पाचेक मिनिटांत कळलं होतं, कारण फाईल्सची नावं बदलायला लागली होती. पण आधी कधीतरी प्रिंटर बिघडला तेव्हा हेडक्लार्कने सगळ्यांसमोर इतकं बोललेलं की ह्या वेळी त्या गप्प बसल्या. मशीन बंद करून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सामायिक ड्राइव्हवरचे दाखले, सेवापुस्तकांच्या नोंदी, सगळं गेलेलं. बॅकअपची हार्डडिस्क कायम त्याच मशीनला जोडलेली असायची, तीही गेली. संस्थेने बाईंवर चौकशी लावली. बाई अजून धड जेवत नाहीत असं त्यांची बहीण सांगत होती.

मला त्या हेडक्लार्कचा राग येतो. बाईंनी त्या पाच मिनिटांत हाक मारली असती तर एका मशीनवर निभावलं असतं. हाक मारायची भीती तिथे कुणी घातली?

केदार_सॅन_होजे
मोगरा, ही सगळ्यात महत्त्वाची पोस्ट आहे ह्या धाग्यावरची. जो पहिल्यांदा सांगेल त्याचे आभार मानायचे, चारचौघांत मानायचे. एकदा कुणाला खडसावलं की पुढची दोन वर्षं कुणी काही सांगत नाही.

संस्थेचा डेटा अजून कुलूपबंदच असेल तर एन्क्रिप्ट झालेल्या फाईल्स पुसू नका म्हणावं. ‘नो मोअर रॅन्सम’ म्हणून युरोपोल, डच पोलीस आणि सिक्युरिटी कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला मोफत उपक्रम आहे. तिथे एक-दोन फाईल्स आणि खंडणीची चिठ्ठी चढवली की कुठली रॅन्समवेअर आहे आणि तिची किल्ली उपलब्ध आहे का ते कळतं. प्रत्येक वेळी मिळतेच असं नाही, पण काहींच्या किल्ल्या उशिराने सापडतात. म्हणून जपून ठेवायच्या.

मोगरा_७७
हे माहीत नव्हतं. आजच त्यांच्या बहिणीला कळवते. निदान चौकशीत सांगायला तरी होईल.

निशिगंध
क्लिक झालंच तर काय करायचं, ते क्रमाने सांगते. आधी नेटवर्क तोडा : वायर असेल तर काढा, वायफाय बंद करा. जोडलेले पेनड्राइव्ह आणि बॅकअपची डिस्क काढा. मशीन लगेच फॉरमॅट करू नका, तपासणाऱ्याला त्यातूनच काय घडलं ते कळतं. मग दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला आणि ‘सगळीकडून साइन आउट’ करा. हे शेवटचं लोक विसरतात. चोराने चालू लॉगिन उचललं असेल तर काही वेळा नुसता पासवर्ड बदलून तो बाहेर पडत नाही.

घरच्या मशीनसाठी सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून मोफत साफसफाईची टूल्स देतं. तीही त्यांच्या साईटवर स्वतः जाऊनच घ्या, कुणी फॉरवर्ड केलेली नकोत.

लेजरबुक
सह्यगिरी, ऑफिसात भिंतीवर लावता येईल असा चार ओळींचा मजकूर मराठीत द्याल का? इंग्रजी पोस्टर्स आहेत, कुणी बघत नाही.

सह्यगिरी
प्रयत्न करतो. सुधारणा सुचवा.

"कुठल्याही सॉफ्टवेअरचा अपडेट ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरून घेऊ नये. अपडेट हवा असेल तर मशीनच्या सेटिंग्जमधून किंवा स्वतः पत्ता टाइप करून अधिकृत साईटवरूनच घ्यावा. कुणी सांगितलेली ओळ कॉपी करून मशीनमध्ये चिकटवू नये. चुकून काही उघडले गेल्यास इंटरनेट तोडून लगेच (नाव) यांना (नंबर) वर कळवावे. कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही."

शेवटच्या वाक्याखाली साहेबांची सही घ्या. सहीशिवाय त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

मोगरा_७७
सहीची कल्पना फार आवडली.

टाळकरी
आमच्या सोसायटीच्या ऑफिसातही लावतो. पण नाव आणि नंबर कुणाचा टाकू? आमचा आयटीवाला कंत्राटी आहे, बोलावल्यावर दोन दिवसांनी येतो. (अपडेट्स चालू केलेत. रात्रभर मशीन चालू ठेवावं लागलं, झाले एकदाचे.)

सह्यगिरी
वा, हे छान केलंत! नंबर सोसायटीतल्याच अशा कुणाचा टाका जो फोन उचलतो. त्याला तांत्रिक काही येण्याची गरज नाही. वायर काढायला सांगायची, डिस्क बाजूला करायला लावायची आणि आलेल्या मेलचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगायचं. बाकीचं तुमचा कंत्राटदार आल्यावर बघेल.